परबवहिनींचं कुसळी गवत

भांडुप पश्चिमेला जिथे रस्ता दमून थांबतो आणि डोंगर सुरू होतो, तिथे डोंगराला पाठ लावून सह्यकुंज सोसायटी उभी आहे. ए विंगेत या जागेवरच्या जुन्या चाळीतली माणसं, बहुतेक कोकणातली. बी विंगेत नंतर फ्लॅट विकत घेऊन आलेली, बँकांतली, विमा कंपन्यांतली, शाळा-कॉलेजांतली. दोन्ही विंगांचं पार्किंगवरून, पाण्यावरून, गणपतीच्या मंडपावरून रीतसर पटत नाही. फक्त एका बाबतीत दोन्हीकडच्या बायकांचं एकमत आहे. ब्लाउज शिवावा तर परबवहिनींनी.

परबवहिनी म्हणजे सुलक्षणा परब. ए विंगेत तळमजल्यावर खिडकीशी त्यांचं मशीन आहे आणि त्या खिडकीतून येणाजाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांचा त्या मनातल्या मनात समाचार घेत असतात. कुणाची बाही ओढलेली, कुणाचा खांदा उतरलेला, सगळं त्यांना बसल्या जागी दिसतं. तोंडाने मात्र त्या बोलत नाहीत. बाईमाणूस आपणहून येऊन 'वहिनी, हे जरा बघा ना' म्हणेपर्यंत त्या दम धरतात, आणि मग असं काही दुरुस्त करून देतात की बाई पुन्हा दुसऱ्या शिंप्याचं नाव काढत नाही. साठीला आल्या, चष्म्याचा नंबर वाढला, पण हात अजून तसाच नेमका आहे.

या बाईने सोसायटीच्या मागे डोंगरातलं गवत कसं लावलं, ते कसं जवळजवळ घालवलं, आणि त्यापायी स्वतःचा एक जुना हट्ट कसा सोडला, त्याची ही हकीकत. गवत लावलं यात कसलं आलंय कौतुक, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा मुरमाच्या उतारावर काहीतरी जगवून दाखवावं आणि मग बोलावं.

सुरुवात एका पँटीपासून झाली. बी विंगेतला अनय ट्रेकला जाणारा. दिवाळीनंतर कुठल्याशा गडावर जाऊन आला आणि पँटीची उसवलेली पट्टी शिवायला घेऊन आला. परबवहिनींनी पँट उलटी केली तर पट्टीच्या आत कुसळंच कुसळं. एकेक उपटून काढल्याशिवाय मशीन लावायची सोय नव्हती, कारण कुसळाच्या टोकाशी सुई अडली तर सुई मोडते. त्या चष्मा पुसून कुसळं वेचायला बसल्या, आणि वेचता वेचता त्यांच्या लक्षात आलं की हे गवत आपल्या ओळखीचं आहे.

त्यांचं माहेर मालवणच्या बाजूला. गावाच्या वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि पाऊस संपला की सड्यावर हेच गवत कमरेइतकं उभं असायचं. लहानपणी आईबरोबर त्या गवत कापायला जायच्या. परकराला चिकटलेली कुसळं काढण्यात अख्खी संध्याकाळ जायची आणि आई म्हणायची, एकेक काढ, ओढू नको, कापड फाटेल. शिवणकामाचा पहिला धडा त्यांनी असा गवताकडून घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

कुसळं त्यांनी फेकली नाहीत. बशीत ठेवली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि नवऱ्याला हाक मारली. चंद्रप्रकाश परब लालबागेच्या एका छापखान्यात आयुष्य काढून घरी बसलेले, दुपारी जेवून नुकते आडवे झाले होते. उठून आले, बघतात तर बशीतली कुसळं हळूहळू वळवळत होती. पाणी लागलं की कुसळाच्या शेपटाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या पिळाच्या जोरावर बी जमिनीत शिरतं.

"ह्या दाखवूक माका उठवलंस?" असं ते म्हणाले, पण परत झोपायला गेले नाहीत. चांगला चहा होईपर्यंत ते बशीसमोर बसून होते.

पुढच्या पावसाळ्यात त्याच कुसळांतून खिडकीतल्या तेलाच्या डब्यात गवताचा एक ठोंब तरारला होता. डब्यातल्या गवताला कोण विचारतो? पण परबवहिनींची नजर आता इमारतीच्या मागे लागली होती.

मागे बिल्डरने डोंगर कापून भिंत बांधली होती आणि भिंतीच्या वर उघड्या मुरमाचा उतार सोडला होता. त्याच्या कडेने बी विंगेच्या फाटकापर्यंत जाणारी पायवाट. या उताराने कमिटीच्या नाकी नऊ आणले होते. गुंडाळ्या करून आणलेली हिरवीगार लॉन तिथे अंथरून झाली, तिला टँकरचं पाणी पाजून झालं, आणि दर पावसाळ्यात ती लॉन मुरमासकट वाहून खालच्या गटारात जमा होत होती. गटार तुंबलं की ए विंगेच्या जिन्यात पाणी. सेक्रेटरी सहदेव शिर्के यांनी तर त्या उताराकडे बघणंच सोडून दिलं होतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत परबवहिनी उभ्या राहिल्या. त्या सभेत पहिल्यांदाच बोलत होत्या.

"मागचा उतार माका द्या," त्या म्हणाल्या. "गवत लावते. डोंगरातला."

सभेत हशा पिकला. गवत लावायला माणूस कशाला लागतो, ते तर आपोआप उगवतं, असं कुणीतरी म्हणालं. आपल्याकडे ही एक गंमतच आहे. परदेशी नावाचं गवत गुंडाळून आलं तर त्याच्यासाठी टँकर मागवायचा, आणि समोरच्या डोंगरावर हजारो वर्षं उन्हापावसाला पुरून उरलेलं गवत दिसलं की नाक मुरडायचं. पण नको असलेली वस्तू द्यायला माणूस उदार असतो. कमिटीने उतार देऊन टाकला.

परबवहिनींनी तो उतार कपडा बेतावा तसा बेतला. आधी दोन दिवस नुसता बघितला. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे मुरूम सुटतो. मग चंद्रप्रकाशांनी पहारीने खड्डे पाडले आणि वहिनींनी डब्या-पिशव्यांत वाढवलेले ठोंब लावले. सरळ ओळीत नाही, वरच्या दोन ठोंबांच्या मधोमध खालचा ठोंब, म्हणजे वरून निसटलेलं पाणी खाली अडतं. खत नाही, काळी माती नाही. "ह्याका लाड चालत नाय," एवढंच त्या सांगायच्या. पहिल्या वर्षी उतार तसाच भकास दिसत होता आणि जाता-येता लोक टोमणे मारत होते. वहिनी आपले ब्लाउज शिवत राहिल्या.

दुसऱ्या वर्षी मात्र सोसायटीने तोंडात बोटं घातली. पावसाळाभर उतार हिरवा, भरगच्च. पाऊस ओसरल्यावर गवताला तुरे आले, आणि दिवाळीच्या सुमारास ते गवत पिवळट, मग तांबूस, मग असं काही खरपूस रंगाचं झालं की संध्याकाळचं ऊन पडलं की बी विंगेतली माणसं गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी राहू लागली. मुनिया यायच्या, एकेक पातं उचलून घरट्यासाठी न्यायच्या. पाण्याचा थेंब घालावा लागला नव्हता. आणि मुख्य म्हणजे त्या वर्षी गटारात मुरूम आला नाही. जिन्यात पाणी आलं नाही. सहदेव शिर्क्यांनी उताराचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि खाली 'आपला डोंगर' असं लिहिलं. 'आपला' हा शब्द वाचून वहिनी स्वतःशीच हसल्या, पण त्यांना बरं वाटलं, खूप बरं वाटलं. मुंबईत येऊन उभी हयात त्यांनी दहा बाय बाराच्या खोल्यांत काढली होती. जमीन म्हणून आपल्या हाताखाली काही आलं आणि त्याने आपलं ऐकलं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग प्रेमाचा त्रास सुरू झाला. ज्यांनी टोमणे मारले तेच आता गवताला खाऊ घालू लागले. कुणी तांदूळ धुतलेलं पाणी आणून ओतायचं, कुणी चहाचा चोथा, कुणी देव्हाऱ्यातलं निर्माल्य. मुंबईतल्या कुंडीला हे सगळं लागतं म्हणून उतारालाही लागत असणार, असा सगळ्यांचा समज. परिणाम असा की कडेचे ठोंब माजले, लांबलचक वाढले आणि खा-खा खाल्लेल्या माणसासारखे आडवे पडले. शेवटी वहिनींनी पाटी लावली. 'कृपया गवताला खाऊ घालू नये.' मंडळी हसली, पण थांबली. सगळ्यात शेवटी थांबल्या त्या सुनंदाताई लिमये.

सुनंदाताईंची ओळख इथे नीट करून द्यायला हवी. मूळच्या पुण्याच्या, बी विंगेत पहिल्या मजल्यावर राहतात. बँकेत नोकरी केली, मधुकर लिमये हे त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले, मुलगी गंधाली बंगळूरला. घरात त्या आणि खारी नावाची कुत्री. खारी बिस्किटाच्या रंगाची म्हणून खारी. बाई फटकळ आहेत, मनात आलं की तोंडातून बाहेर. पण सोसायटीत परबवहिनींना 'सुलक्षणा' म्हणणाऱ्या आणि 'तू' म्हणणाऱ्या त्या एकट्याच, आणि ते वहिनींना मनापासून आवडतं. मधुकरराव गेल्यावर सुनंदाताईंनी त्यांचे सगळे शर्ट वहिनींकडे आणून दिले होते आणि वहिनींनी त्यांची एक गोधडी शिवून दिली होती. त्या दिवशी दोघींनी बराच वेळ एकत्र काढला होता. सुनंदाताई रोज संध्याकाळी खारीला उताराच्या पायवाटेने फिरवतात.

आता गवताच्या खोडीकडे येऊ. हे गवत कितीही गुणी असलं तरी त्याचं कुसळ वाईट. तुरा पिकला की कुसळ सुटतं आणि जे जवळून जाईल त्याला धरतं. मोज्यात शिरतं, ओढणीत शिरतं, जनावराच्या पायात शिरलं तर आत आत जातं. वहिनींना हे ठाऊक होतं. म्हणून दरवर्षी तुरे पिकायच्या आत त्या ते कात्रीने कापून घ्यायच्या, एकेक तुरा, गोणीत भरून. चंद्रप्रकाश ती गोणी वर डोंगरावर नेऊन उघड्या जागी पसरून यायचे. कापणी झाली की पायवाटेवरून अनवाणी चाललं तरी चालेल.

पण कापणीला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. शिंप्याची कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते, हा त्यांच्या धंद्याचा नियम, आणि तो त्यांनी गवतालाही लावला होता. कुणी बाई 'मी येऊ का मदतीला' म्हणाली की त्या गोड बोलून वाटेला लावायच्या. दुसऱ्याने कापलेलं त्यांना पटायचंच नाही. मशीनवर बसलेल्या बाईचा हा जन्माचा हट्ट होता. सगळ्यांना तो ठाऊक होता आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

कापणीचा वेळही ठरलेला. दिवाळीपर्यंत मान वर करायला सवड नाही, कारण दिवाळीचे ब्लाउज. दिवाळी झाली की गवत. गवत झालं की माहेरच्या देवीची जत्रा. ही जत्रा परबवहिनींनी कधी चुकवलेली नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. बाळंतपणाआधी पोटुशी होत्या तेव्हाही गेल्या होत्या.

त्या देवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. गावकरी देवीला कौल लावतात आणि देवी सांगेल तो दिवस. एका वर्षी देवीने भाऊबीज झाल्या झाल्या लगेचचा दिवस दिला. परबवहिनींच्या हातात गवतासाठी दिवसच उरला नाही. जाताना त्या उतारापाशी उभ्या राहिल्या. तुरे अजून पुरते तांबूस झाले नव्हते. येईपर्यंत थांबतील, असा त्यांनी हिशेब केला.

"सुनंदाताईक सांगून जाऊया," चंद्रप्रकाश म्हणाले. "नायतर सहदेवाक."

"त्यांका काय जमणार? मी येतंय ना लगेच."

त्या वर्षी ऑक्टोबरचं ऊन नोव्हेंबरातही ओसरलं नव्हतं. परबवहिनी देवीची ओटी भरत होत्या तेव्हा भांडुपला तुरे पिकून कुसळं सुटली होती. शेजारणींच्या साड्यांना लागली, मुलांच्या मोज्यांत गेली, तिथवर ठीक होतं. सुनंदाताई नेहमीप्रमाणे निर्धास्तपणे खारीला घेऊन पायवाटेने गेल्या. दोन दिवसांनी खारीचा पुढचा पाय सुजला. डॉक्टरांनी भूल देऊन पायाला चीर दिली तेव्हा बोटांच्या बेचक्यातून आत गेलेलं कुसळ सापडलं. जखम चिघळली होती. कुत्री म्हातारी, भुलीतून नीट बाहेर येते की नाही याची धाकधूक होती. त्या दिवसांत सुनंदाताई घरात एकट्या, कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन, मधुकररावांच्या शर्टांच्या गोधडीवर बसून होत्या.

खारी वाचली, पण लंगडू लागली. परबवहिनी प्रसाद घेऊन परत आल्या त्या या बातमीत. त्या तशाच सुनंदाताईंच्या दारात गेल्या. सुनंदाताईंनी दार उघडलं, प्रसाद घेतला आणि दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी वहिनींना आत ये म्हटलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात सभा बसली. सगळ्यांचं म्हणणं एकदम सुरू झालं. पेव्हर ब्लॉक घाला. प्लास्टिकची लॉन आणा. उद्या एखाद्या लहान मुलाच्या डोळ्यात कुसळ गेलं तर? हा प्रश्न खोटा नव्हता आणि परबवहिनींनी तो खाली मान घालून ऐकला. सहदेव शिर्के मवाळ माणूस. ते म्हणाले, "बघा, त्रास लिमयेकाकूंना झालाय. त्या म्हणतील तसं करू."

सगळे सुनंदाताईंकडे वळले.

"काढून टाका," सुनंदाताई म्हणाल्या.

परबवहिनी उठल्या. "चूक माझी झाली, गवताची नाय," त्या म्हणाल्या. "पण काढायचा तर काढूया. मीच काढते. दुसऱ्या कोणी हात लावू नका."

बघा, म्हणजे उपटायची वेळ आली तरी हट्ट तोच. पण त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परबवहिनी आणि चंद्रप्रकाश उतारावर गेले. वहिनींनी आधी कात्री काढली नाही की पहार मारू दिली नाही. ठोंब हलवला की कुसळं पायवाटेवर सांडतील म्हणून त्या पहिल्या ठोंबाशी बसल्या आणि राहिलेली कुसळं चिमटीने काढून गोणीत टाकू लागल्या. एकेक, न ओढता. मग चंद्रप्रकाशांनी पहार घातली. ठोंब निघता निघेना. मुळांनी मुरूम असा घट्ट धरला होता की दोघांना मिळून हलवावा लागला. शेवटी तो मातीच्या ढेकळासकट वर आला आणि वहिनी तो मांडीवर घेऊन खालीच बसल्या. त्या रडत होत्या. आवाज न करता, पण चांगल्या हमसून. चंद्रप्रकाश पहार टेकवून बाजूला उभे राहिले. बायकोची कशी समजूत घालावी हे त्यांना संसारभर कळलं नव्हतं आणि आताही कळत नव्हतं.

सुनंदाताई गॅलरीतून हे सगळं बघत होत्या. त्यांची अपेक्षा होती की सुलक्षणा भांडेल, रदबदली करेल, निदान गवताचे गुण तरी ऐकवेल. उपटायच्या ठोंबावरचं एकेक कुसळ वेचत बसेल, असं काही त्यांना वाटलं नव्हतं. त्या खाली आल्या.

"का नाही सांगून गेलीस?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "तुमच्या हातात गेला असता कुसाळ."

"खोटं बोलू नकोस सुलक्षणा."

वहिनींनी मांडीवरच्या ठोंबाची माती चाचपली. मग म्हणाल्या, "दुसऱ्याने कापलेला माका चालत नाय. माझाच मेला हट्ट. तुमच्या खारीचा पाय गेला त्याच्यात."

"गेला नाहीये. लंगडते, पण खाते भरपूर." सुनंदाताई पायवाटेच्या कठड्यावर टेकल्या. "काल सभेत मी काढून टाका म्हटलं ना, ते रागाने. राग तुझ्यावर होता. गवतावर कशाला असेल? इतकी वर्षं मी तुझ्या हातात माझं माप दिलं. ह्यांचे शर्ट दिले. आणि तुला माझ्या हातात चार दिवस गवत द्यावंसं वाटलं नाही."

ही गोष्ट परबवहिनींच्या कधी डोक्यातच आली नव्हती. आपण कात्री जपतोय असंच त्यांना वाटत होतं. समोरच्या माणसाला ते कसं लागत असेल हे त्यांना आज कळलं आणि त्यांचा चेहरा कसानुसा झाला.

"पुढच्या वर्षापासून मी जत्रेक जायचीच नाय," त्या म्हणाल्या. "पण ह्या गवत ऱ्हाऊ दे."

"देवीला काय सांगशील? लिमयांच्या कुत्रीमुळे आले नाही?"

चंद्रप्रकाश हसले. मग वहिनीही रडता रडता हसल्या. सुनंदाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

"कात्री दे."

परबवहिनींनी पिशवीतून कात्री काढली. ती थोडा वेळ हातातच धरली. कात्री हातातून हातात दिली तर भांडण होतं म्हणतात, म्हणून त्यांनी ती कठड्यावर ठेवली आणि सुनंदाताईंनी तिथून उचलली. शेजारच्या ठोंबावर पुष्कळ तुरे अजून उभे होते. सुनंदाताई वाकल्या आणि कापू लागल्या. पहिला तुरा फार खालून कापला. दुसरा तिरका. तिसऱ्याचं कुसळ बोटात गेलं आणि त्यांनी एक अस्सल पुणेरी शिवी हासडली. परबवहिनींचा हात कात्रीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि त्यांनी तो मागे घेऊन मांडीवरच्या ठोंबाखाली घातला.

"वाईच वरसून," त्या म्हणाल्या. "आणि डाव्या हातान तुरो धरा."

उन्हं वर येईस्तोवर खालची अर्धी रांग कापून झाली. उपटलेला ठोंब दोघींनी मिळून पुन्हा त्याच खड्ड्यात बसवला, सुनंदाताईंनी धरला आणि वहिनींनी माती दाबली. जगेल की नाही याची खात्री नव्हती.

"याला तरी पाणी घालू का?" सुनंदाताईंनी विचारलं.

"आजच्या दिवस घाला."

सहदेव शिर्क्यांना सुनंदाताईंनी फोन करून एवढंच सांगितलं की मी माझा शब्द मागे घेतलाय, आणि पुढच्या वर्षी कापणी माझ्याकडे आहे. शिर्क्यांचा जीव भांड्यात पडला. उतारावर पुन्हा लॉन अंथरायची कल्पना त्यांना काही रुचली नव्हती. पायवाटेला लागून असलेली ठोंबांची ओळ मात्र त्यांनी मागे घ्यायला लावली आणि ते बरोबरच होतं. वहिनींनी ती ओळ काढून वर डोंगराच्या अंगाला लावली. कुणाला त्यांना आग्रह करावा लागला नाही.

पुढचं वर्षभर सुनंदाताईंनी कापणीचा अभ्यास परीक्षेसारखा केला. तुरा केव्हा पिकतो, रंग कुठवर चढला की हात घालायचा, हे त्यांनी वहिनींना इतक्या वेळा विचारलं की वहिनींनी हात टेकले. गणपती झाले, दसरा झाला. खारी लंगडत लंगडत पायवाटेवर फिरत होती. आणि देवीने कौल दिला तो पुन्हा दिवाळीला चिकटूनच.

"जा तू," सुनंदाताई म्हणाल्या. "आणि तिथून फोन करत बसू नकोस."

परबवहिनी गेल्या. सुखाने गेल्या असं म्हणणं खोटं ठरेल. गाडीत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. माहेरी पोचल्यावर भावजयीने चहा दिला तोही त्या गार करून प्यायल्या. ऊन बघितलं की त्यांना भांडुपचं ऊन आठवायचं. सुनंदाताईंचे डोळे तरी कुठे आता तरुण राहिलेत, हेही आठवायचं. पण त्यांनी फोन केला नाही. न करणं ही त्यांच्यासाठी सोपी गोष्ट नव्हती आणि ती त्यांनी केली, याचं मला त्या उतारावरच्या गवतापेक्षाही अधिक कौतुक वाटतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी देवळाबाहेर बायकांची रांग लागली होती. वहिनी हातात ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या, मागे चंद्रप्रकाश नारळाची पिशवी धरून. रांग गाभाऱ्याजवळ आली आणि फोन वाजला. वहिनींनी ताट नवऱ्याच्या हातात दिलं.

"झालं," पलीकडून सुनंदाताई म्हणाल्या. आवाज दमलेला होता. "सगळं कापलं. शिर्क्यांच्या बायकोला आणि त्या अनयच्या आईला बसवलं बरोबर. मग खारीला पायवाटेवरून फिरवून आणलं आणि तिचे चारही पाय चष्मा लावून तपासले. काही नाही."

"आणि तो आपण परत लावलेलो ठोंब?"

"त्याला आले होते ना तुरे. ते सगळ्यात आधी कापले. आता ठेव फोन, माझी पाठ गेलीये कामातून."

वहिनींनी फोन पदराआड ठेवला आणि नवऱ्याकडून ताट घेतलं. रांग पुढे सरकली. या गाभाऱ्यात त्या दरवर्षी काही ना काही मागायच्या. मुलगी मानसीचं लग्न मागितलं होतं, छापखाना बंद पडू नये म्हणून मागितलं होतं, चाळीच्या जागी घर मिळावं म्हणून मागितलं होतं. काही मिळालं, काही नाही. पुजाऱ्याने ओटी घेतली आणि देवीपुढे गाऱ्हाणं घालायला हात जोडले.

"काय मागूचा आसा, बाये?"

परबवहिनींनी देवीकडे बघितलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"काय एक नाय," त्या म्हणाल्या. "सगळा बरा चल्ला हा, येवढाच सांगा तिका."

पुजाऱ्याने ओटी देवीच्या पायांशी ठेवली. मग त्याने देवीला तसंच सांगितलं.